पिवळा कमी कर

मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात तुझा मृत्यू झाला. पित्ताच्या नळीत खडा अडकला होता. त्यातून संसर्ग झाला आणि तो रक्तात पसरला. थंडी वाजून ताप आला म्हणून शनिवारी संध्याकाळी तुला दाखल केलं होतं. बातमीला एवढं पुरतं. बातमी मीच केली, एका रकान्याची. 'हरहुन्नरी' आणि 'मनमिळाऊ' हे शब्द ऑफिसातल्या कुणीतरी घातले होते, ते काढले. तू मनमिळाऊ नव्हतास.

आज आठवा दिवस, मिलिंद. बातमीत न बसलेलं इथं लिहितो. जे मी स्वतः पाहिलं ते तसं लिहीन, जे कुणी सांगितलं ते त्याच्या नावावर लिहीन.

डॉक्टरांशी मंगळवारीच बोललो. त्यांनी विचारलं, "कावीळ कधीपासून होती?"

मी म्हणालो, "माहीत नाही."

"म्हणजे? डोळे कुणी बघितले नाहीत का? महिनाभर तरी असणार. तीन आठवड्यांपूर्वी आले असते तर दुर्बिणीतून खडा काढला असता, दोन-तीन दिवसांत घरी गेले असते."

त्यांनी आवाज चढवला नाही. मला तो चढवलेला बरा वाटला असता.

तुझ्या स्टुडिओपासून दवाखाना पायी बारा मिनिटांवर आहे. बुधवारी मी चालून बघितलं. वाटेत दोन रसवंत्या, एक पंक्चरवाला, एक उतार. चढही नाही.

त्याच बुधवारी चौकात फ्लेक्स लागला. खाली जलदान विधीची वेळ, वर तुझा चेहरा, पाच फूट बाय चार. गाल तांबूस, डोळे दुधासारखे पांढरे. दोन माणसं खाली उभी राहून बोलत होती. "ह्यो आत्ताचाच फोटो हाय म्हणं. कुठं आजारी दिसतो का सांग." दुसरा म्हणाला, "काळ आला की आला, त्याला काय रंग ऱ्हातो?"

माझं डोकं फिरलं. आयुष्यभर तू ज्याच्या विरुद्ध भांडलास तेच तुझ्या मेल्यानंतर तुझ्या तोंडाला फासलं, असं वाटलं. मी सरळ अन्वरच्या फ्लेक्सच्या दुकानात गेलो.

"कुणी सांगितलं होतं त्याला असा गुळगुळीत करायला?"

अन्वर मशीनवरून उठला. "सर, अम्मीची शपत, रंगाला हात नाही लावला. मिलिंदभाईच्या फोटूला मी हात लावीन? जित्तेपणी दुकानात येऊन शिव्या दिल्यात त्यांनी मला, एका नवरदेवाचे गाल गुलाबी केले म्हणून. म्हणले, ह्याला काय लिपस्टिक लावून घोड्यावर बसवायचाय का. विसरलो नाही मी." त्याने संगणकावर फाइल उघडून दाखवली. "ही बघा, अशीच आली. वहिनीच्या मोबाइलवरून. मी निस्ता हार टाकला आन् नाव."

फाइलवर वेळ होती. गुरुवार, दुपारी एक वाजून पाच मिनिटं. दवाखान्यात नेण्याच्या दोन दिवस आधीची.

म्हणजे तो रंग तूच केला होतास. मी अन्वरची माफी मागितली. तो म्हणाला, "चहा घ्या." मी घेतला नाही.

ज्यांना तू माहीत नव्हतास त्यांना हे सांगावं लागेल की मला यात न पटण्यासारखं काय होतं.

तू लग्नांचे फोटो काढायचास आणि आमच्या दैनिकाला फोटो द्यायचास. जिल्ह्यातले बाकीचे फोटोग्राफर कॅमेऱ्यातून तयार निघालेला फोटो पाठवतात. तू रॉ फाइल घेऊन बसायचास. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणालास, "जेपीजी म्हंजे टपरीवरचा चहा, संपादक. गोड असला तरी पी, कडू असला तरी पी. रॉ म्हंजे दूध येगळं, पत्ती येगळी, साखर येगळी. आपल्या हातानं करायचा."

"आणि बिघडला तर?"

"बिघडू दे की. मूळ फाइलला काय होत न्हाई. कितींदा बी परत कर."

मी संपादक नाही, उपसंपादक आहे. पानं लावतो, फोटोही मीच बसवतो. हे तुला माहीत होतं, म्हणूनच तू संपादक म्हणायचास.

कॅमेऱ्याला उजेड कळत नाही, हे तुझं पहिलं वाक्य. मांडव लाल असला की खाली बसलेला अख्खा गाव चिडल्यासारखा दिसतो. स्टेजवर जांभळे दिवे असले की नवरी गारठल्यासारखी दिसते. कॅमेरा स्वतःच्या अंदाजाने रंग सरासरीवर आणतो आणि बऱ्याच वेळा चुकतो. त्यावर तुझा उपाय होता तळहाताएवढं करडं कार्ड. ते ना तांबूस, ना निळसर. प्रत्येक कामाच्या सुरुवातीला, त्या जागच्या उजेडात, त्या कार्डाचा एक फोटो. नंतर संगणकावर कार्डावर बाण ठेवून सांगायचं की हे करडं आहे. मग बाकीचे रंग आपापल्या जागी जातात. हळद हळदीच्या जागी, शालू शालूच्या, माणसाची कातडी माणसाच्या.

तुझ्याकडे मदतनीस नव्हता. म्हणून कार्ड तू स्वतःच हनुवटीखाली धरायचास आणि कॅमेरा जवळ असेल त्याच्या हातात द्यायचास. नवरीचा मामा, वाजंत्रीवाला, आचारी, कुणीही. "मामा, निस्तं हे बटन दाबा. डोकं कापलं तरी चालंल, कार्ड कापू नका." त्यामुळे तुझ्या प्रत्येक कामातली पहिली फ्रेम तुझीच. वाकडी, कधी अर्धं कपाळ गेलेलं, हनुवटीखाली कार्ड. "तुरुंगातल्या कैद्यासारखा दिसतोस," मी म्हणायचो. तू म्हणायचास, "कैदीच हाय बे. उजेडाचा."

आपलं भांडण एकच होतं आणि ते अकरा वर्षं चाललं. वर्तमानपत्राचा कागद मुळात पिवळट असतो. त्यावर शाई पसरते. तू पाठवलेला फोटो छापून आला की चेहऱ्यांना कावीळ झाल्यासारखी दिसायची. हा शब्द मीच वापरायचो. म्हणून तुझी फ्रेम आली की मी एकच उत्तर पाठवायचो. पिवळा कमी कर. तू दुसरी प्रत काढून पाठवायचास आणि सोबत एखादी शिवी. तुझा स्क्रीन जुना होता, त्यावर तुझा पूर्ण भरवसा नव्हता, म्हणून लग्नाच्या कामातली एखादी फ्रेमही तू मला पाठवायचास. सोबत दोनच शब्द. रंग बघ.

एकदा तू करडईच्या शेताचा फोटो दिलास, पूर्ण फुललेल्या. मी पानावर बसवताना पिवळा उतरवला. सकाळी अंक आला आणि दहा वाजता तू ऑफिसात. हातात काट्यांसकट उपटलेलं करडईचं बोंड. माझ्या टेबलावर, चालू पानाच्या प्रुफावर आपटलंस.

"ह्याला फिकट म्हणतो का बे तू?"

"छपाईत तसंच येतं, मिलिंद."

"छपाईचं नाव घेऊ नको. तुझ्या बोटानं केलंय. शेतात जाऊन हुभा राहिलतो मी तीन तास, हे पिवळं घेऊन यायला. आन् तू हितं पंख्याखाली बसून त्याला आजारी केलं."

बोंड उचलताना माझ्या अंगठ्यात काटा गेला. तू ते बघून हसलास आणि म्हणालास, "आता लाल कमी कर."

ते भांडण मी जिंकलो नाही. हरलोही नाही. दुसऱ्या आठवड्यात तू पुन्हा फ्रेम पाठवलीस आणि मी पुन्हा तेच उत्तर दिलं.

एक कबूल करायचं आहे. माझ्या आईचे घरात सात-आठ फोटो आहेत. त्यातला एकच तिच्यासारखा दिसतो. पत्र्याच्या पडवीत, दारातून येणाऱ्या उजेडात तू काढलेला. आईच्या हातात तू कार्ड दिलं होतंस आणि तिने विचारलं होतं, "हे कशाचं लायसन हाय रे बाबा?" त्या फोटोत तिची कातडी तिच्या कातडीच्या रंगाची आहे. ती गेल्यावर मला हे कळलं. तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू ते भांडणात वापरलं असतंस.

गुरुवारी वैशालीवहिनीने स्टुडिओची किल्ली दिली. सहा घरांचे फोटो बाकी आहेत, ती माणसं वाट बघतात, आणि फाइल कशा करायच्या हे तू मलाच शिकवलं होतंस. किल्ली घ्यायला तुझ्या घरी गेलो तेव्हा तुझे वडील, गुरुजी, दारात बसले होते. त्यांच्या हातात दवाखान्यातून मिळालेली प्लॅस्टिकची पिशवी होती. आत तुझं घड्याळ, पाकीट, आणि कात्रीने कापलेला एक दोरा, ज्याला वाळलेल्या मुळीचे तुकडे गाठींनी बांधले होते.

काविळीची माळ. या भागात ती कुणाला सांगावी लागत नाही. ओल्या मुळीचे तुकडे दोऱ्यात बांधून टोपीसारखं डोक्यावर ठेवतात. रोज ती थोडी लांबते, डोक्यावरून गळ्यात येते, गळ्यातून पोटापर्यंत. माळ उतरली की कावीळ उतरली, असं म्हणतात.

गुरुजींनी पिशवी माझ्यापुढे धरली. त्यांनी तीस वर्षं शाळेत मुलांना एकच गोष्ट शिकवली, असलं काही मानायचं नाही. घराच्या उंबऱ्याला त्यांनी कधी लिंबू बांधू दिलं नाही, कुणाचा अंगारा आत येऊ दिला नाही. ते म्हणाले, "हे माझ्या घरात कुठून आलं?"

आतून वैशाली आली.

"मामंजी, ते सोडा आता."

"कुठून आलं, एवढंच विचारतोय. माझ्या बापानं हे सगळं सोडलं. मी पोरांना सोडायला लावलं. आणि माझ्याच पोराच्या गळ्यात?"

"माझ्या आईनं आणली," वैशाली म्हणाली. "ते घालत नव्हते. मीच म्हणलं, घाला, काय बिघडतंय. दवाखान्यात पण जाऊ म्हणलं. ते म्हणले, हंगाम हाय, चार लग्नं हायेत, संपले की जाऊ. तुमाला दिसू नये म्हणून वरचं बटन लावून हिंडायचे."

गुरुजींनी पिशवी खाली ठेवली, पायाने दूर सारली आणि पुन्हा उचलून मांडीवर घेतली.

वरचं बटन. ते मी पाहिलं होतं. ऐन उन्हात तू गळ्यापर्यंत बटनं लावून हॉटेलात चहाला बसला होतास. मी म्हणालो होतो, "इंटरव्ह्यूला चाललास का?" आणि तुझे डोळे बघून विचारलं होतं, "डोळे पिवळे दिसतात बे तुझे."

तू म्हणालास, "हळदीच्या घरून आलो, संपादक. तिथल्या बाया सोडतात का? फोटो काढणाऱ्याला आधी माखतात, मग नवरीला."

"आणि हात कशाला खाजवतोस?"

"झेंडू. लई झेंडू लावलाता मांडवाला."

आपण दोघंही हसलो. मी चहा संपवला आणि पान लावायला गेलो. कुठल्याही सरपंचाने काही सांगितलं तर मी दुसऱ्या माणसाला विचारल्याशिवाय छापत नाही. तुझं मी एका घोटात छापलं. हळद डोळ्यांच्या आत जात नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं.

पण तुला ते माझ्याहून जास्त माहीत होतं, आणि राग त्याचा आहे. कार्ड न बघता रंग सांगणाऱ्याला मूर्ख म्हणणारा तू. ओली मुळी वाळली की आकसते, गाठ सैल होते, दोरा सुटतो, माळ लांबते. ती उंबऱ्याच्या खिळ्याला अडकवली असती तरी लांबली असती. अन्वरला शिव्या देताना, मला बोंड मारताना जो माणूस होता, तो त्या दोऱ्यापुढे कुठे गेला होता? हंगाम होता म्हणे. तू गेल्यावर उरलेली लग्नं कुणीतरी काढलीच. एकही लग्न थांबलं नाही.

वैशालीला मी विचारलं, "तू शनिवारपर्यंत थांबलीस कशी?"

तिने फोन उघडून दिला. गुरुवारी दुपारी एक वाजून सात मिनिटांनी तू तिला फोटो पाठवला होतास. तोच फ्लेक्सवरचा. खाली एक शब्द. उतरली.

"मी म्हणत होते, डोळे पिवळेच दिसतात, चला. तर ते म्हणले, घरातला बल्ब पिवळा हाय, त्यानं तसं दिसतं. आन् मग हा फोटो पाठवला. बघितलं तर डोळे पांढरे. भाऊजी, त्यांच्या फोटोवर मी कवा विश्वास न्हाई ठेवला?"

मी फोन परत दिला. किल्ली घेऊन निघालो. रस्त्याने येताना तुला जे जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. खोटा फोटो तुला माहीतच नव्हता असं मी सगळ्या जिल्ह्याला सांगत आलो होतो. पहिला खोटा फोटो तू बायकोला पाठवलास.

स्टुडिओ होता तसाच होता. टेबलावर कार्ड, त्याच्या एका कोपऱ्याला खरोखरच हळद लागलेली. मी संगणक सुरू केला. सहा कामं, सहा फोल्डर, प्रत्येकात पहिली फ्रेम तुझी. मी त्या सहाही फ्रेमच्या मूळ फाइल शेजारी शेजारी लावल्या आणि प्रत्येकीत कार्डावर बाण ठेवून सांगितलं की हे करडं आहे. तू शिकवलंस तसं.

पहिली उमापूरची, साखरपुड्याची. डोळे पांढरे, गळ्याचं बटन उघडं. कपाळ अर्धं कापलेलं आहे, कार्ड पूर्ण आहे.

दुसरीत डोळ्यांच्या कोपऱ्यात किंचित पिवळं. पहिली शेजारी नसती तर दिसलं नसतं.

तिसरीत तू टोपी घातली आहेस. तू टोपी घालत नव्हतास. टोपीच्या कडेखालून मुळीचा एक तुकडा बाहेर आला आहे.

चौथीत माळ गळ्यात आहे. पाचवीत कार्डाच्या खाली लोंबते. या दोन्हींत डोळ्यांचं पांढरं राहिलेलं नाही.

सहावी सिरसाळ्याची, बुधवारची, हळदीची. माळ शर्टाच्या चौथ्या बटनापर्यंत आली आहे. डोळे जुन्या अंकांच्या गठ्ठ्यातल्या कागदाच्या रंगाचे. कातडीही त्याच वाटेवर. मागे नवरीच्या हातावरची हळद स्वच्छ हळदीच्या रंगाची आहे, तिचा आणि तुझा पिवळा एक नाही, आणि कार्ड बरोबर करडं. उजेडात काही दोष नव्हता. बल्बचा संबंध नव्हता. माळ जेवढी खाली गेली तेवढा पिवळा वर गेला, आणि दोन्ही गोष्टी एकाच फ्रेममध्ये, एकाच माणसाच्या अंगावर होत्या. जिल्ह्यात एकच माणूस असा होता ज्याला हे एका नजरेत वाचता आलं असतं. तो कार्ड धरून उभा होता.

तुला ते दिसलंच नसेल, असं मी थोडा वेळ धरून चाललो. बुधवारचं काम तू गुरुवारी सकाळी उघडलंस, घाईत असशील, तुझ्या फ्रेमकडे न बघता कार्डावर बाण ठेवला असशील. पण फ्लेक्सवरचा फोटो याच फ्रेमचा होता. कॉलरची तीच घडी, भुवईजवळ हळदीचा तोच ठिपका. म्हणजे तू तिच्यावर थांबला होतास. किती वेळ, ते बघायचं ठरवलं.

तुझा प्रोग्रॅम फाइलवर केलेल्या प्रत्येक पायरीची नोंद ठेवतो आणि प्रत केव्हा काढली त्याची वेळही. हेही तूच दाखवलं होतंस. "खून केला तरी सापडंल हितं," म्हणाला होतास.

नोंदींत पहिली पायरी कार्डाची. तू कार्डावर बाण ठेवलास, रंग जागेवर आले, डोळे पिवळे झाले. त्यानंतर पहिली प्रत काढलीस. गुरुवार, बारा वाजून चव्वेचाळीस मिनिटं. दुसरी प्रत एक वाजून पाच मिनिटांची, फ्लेक्सवरची. मधली एकवीस मिनिटं.

पहिल्या प्रतीत खोटं काही नव्हतं. कार्ड होतं, माळ होती, डोळे होते तसे होते. ती प्रत तू कशासाठी काढलीस हे मला कळेना. वैशालीला ती गेली नव्हती. अन्वरकडे नव्हती. पाऊण वाजता खरं सांगणारा माणूस एक वाजता खोटं का बोलला, याचं उत्तर त्या संगणकात नव्हतं.

त्या गुरुवारी दुपारी मी ऑफिसात होतो. पाणीटंचाईच्या बैठकीची बातमी आली होती, आतली दोन पानं एकदम लावत होतो. त्या दिवशी तुझ्याशी काही बोलणं झाल्याचं मला आठवत नव्हतं. तरी फोन उघडला.

बारा वाजून सेहेचाळीस मिनिटांनी तुझा निरोप आहे. सोबत ती पहिली प्रत, आणि दोन शब्द. रंग बघ.

बारा वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी माझं उत्तर आहे. पिवळा कमी कर.

यानंतर तुझ्या संगणकात तीन नोंदी आहेत. पिवळा कमी केला. फ्रेम खालून कापली, कार्ड आणि माळ बाहेर गेली. एक वाजून पाच मिनिटांनी दुसरी प्रत काढली.